हवा भरेपर्यंत

पुण्यातल्या माणसांचं थंडीवर फार प्रेम. पारा जरा उतरला की ऑफिसात कोणीतरी कौतुकाने म्हणतंच, "काय मस्त पडलीये ना!" जणू ती यांनीच मागवून घेतली होती. मीही मान डोलावते, शालीचे रंग आणि गूळपोळ्यांच्या गप्पांमध्ये भाग घेते. पण खरं सांगायचं तर मला थंडीची लाज वाटते. एखाद्याला गळक्या छपराची वाटावी तशी मला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेची वाटते. खिडकीच्या फटीतून गार वारा आत आला की माझे खांदे आखडतात, आणि ते गारठ्याने नाही. आता आवाज होणार, म्हणून.

यंदा तो आवाज खरोखरच परत आला. खराडीतल्या आमच्या सोसायटीला नळाचं पाणी पुरत नाही, त्यामुळे टँकर लागतात. त्यातला एक टँकर रात्री पाणी सोडून गेटच्या आतच उभा राहतो आणि पहाटे पहिल्या फेरीला निघतो. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, नेमका गेटच्या डोक्यावर. नोव्हेंबरपर्यंत पंख्यांच्या आवाजात त्याचं जाणं-येणं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. गारठा वाढला आणि त्याचं इंजिन कुरकुरायला लागलं. सेल्फ मारल्याचा तो रडका आवाज, एकदा, दोनदा, मग थोडी शांतता, मग पुन्हा. शेवटी एकदाचं इंजिन धडधडायला लागतं, पण गाडी हलत नाही. धडधड चालूच राहते, आणि पांढरट धूर वर वर येत आमच्या बाल्कनीतल्या कपड्यांत शिरतो.

पहिल्या दिवशी मी दचकून उठले तर बाबा हॉलमध्ये उभे. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. अंगात बनियन, गळ्यात मफलर, आणि चेहऱ्यावर तो जुना, माफी मागणारा भाव. माझा नवरा मंदार डोळे चोळत बाहेर आला, तसे बाबा त्याला घाईघाईने म्हणाले, "झालंच जवाईबापू. हवा भरली की जाते."

मंदार हसला. "अहो बाबा, तुम्ही काय सॉरी म्हणताय? आपला थोडाच आहे तो टँकर?"

बाबाही हसले. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. डोळे भरून आले ते मंदारला दिसू नयेत म्हणून.

आमचा ट्रक होता तो हडपसरला. कालव्याकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीच्या वरच्या टोकाला आमच्या दोन खोल्या होत्या आणि शेजारी मोकळा प्लॉट. त्या प्लॉटात तो उभा असायचा, लांब नाकाचा, जुना घेतलेला. बाबा वर्ध्याकडून पुण्यात आले ते दुसऱ्यांच्या गाड्या चालवायला. मग कधीतरी ही गाडी स्वतःची झाली. मालकही तेच, ड्रायव्हरही तेच. इतकी वर्षं पुण्यात काढली, पण त्यांचं 'मले-तुले' काही गेलं नाही.

थंडीत त्या गाडीचे लाड आमच्यापेक्षा जास्त व्हायचे. संध्याकाळी बोनेटवर गोधडी पडायची. आईने आपल्या लग्नातल्या दोन लुगड्यांची शिवलेली ती गोधडी, तिला नंतर डिझेलचा असा वास लागला की धुऊनही जाईना. पहाटे आई घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवायची. बाबा रेडिएटरमधलं थोडं गार पाणी खालून सोडून द्यायचे आणि वरून हे गरम पाणी ओतायचे. आई फडक्याने पातेलं धरून उभी, वाफ दोघांच्या तोंडावर. मग बाबा वर चढायचे, हात जोडायचे आणि सेल्फ मारायचे. जुनी बॅटरी थंडीत मेल्यासारखी व्हायची. इंजिन दोन-चार वेळा कण्हायचं, खोकायचं, बंद पडायचं. आणि सुरू झालं की मग सगळ्या गल्लीला कळायचं.

त्यापुढचा भाग सगळ्यात वाईट. अशा गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. रात्रभर उभ्या गाडीतली हवा गळून गेलेली असते, आणि इंजिन चालू राहिलं तरच ती पुन्हा टाकीत भरते. ती भरेपर्यंत ब्रेकच नाहीत. म्हणजे नुसतं इंजिन तापवणं नव्हतंच ते, ब्रेक यायची वाट बघणं होतं. पण गल्लीत झोपलेल्या माणसाला काय कळणार? त्याला एवढंच कळायचं की हा मनुष्य गाडी सुरू करून उभी ठेवतो, आणि आपली झोपमोड करतो.

हवा भरली की गाडीच्या पोटातून एक आवाज यायचा, फुस्स. जास्तीची हवा बाहेर टाकल्याचा. त्या आवाजाची आम्ही तिघंही जीव मुठीत धरून वाट बघायचो. आई दाराच्या चौकटीत पदर तोंडावर धरून उभी असायची, जणू तो सगळा खडखडाट तिच्याच तोंडातून बाहेर पडत होता. फुस्स झालं की तीही श्वास सोडायची. बाबा गिअर टाकायचे, गाडी उताराने खाली जायची, आणि उरलेल्या दिवसासाठी आमची सुटका व्हायची.

त्या आवाजाची भरपाई म्हणून की काय, आमचं घर फार गुपचूप चालायचं. आई भांडी घासताना एकावर एक ठेवायची नाही, शेजारी शेजारी पालथी घालायची. रेडिओ इतका हळू की बातम्या ऐकायला कान लावून बसावं लागे. मी खेळताना ओरडले तर आई धावत यायची, "हळू वं बाई, हळू. आपला आवाज लय होते." सकाळची ती एक वेळ सोडली तर गल्लीत आमच्याइतकं मुकं घर नव्हतं. संक्रांतीला आमचा तिळगूळ सगळ्यांच्या आधी आणि मूठभर जास्तच जायचा. आई गोड बोला म्हणायची तेव्हा ते अगदी मनापासून असायचं. विनंतीच असायची ती.

गल्लीच्या मधोमध दाते सरांचा छोटा बंगला होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर पेठेतली जागा सोडून ते इकडे आले होते, शांतता हवी म्हणून. त्यांच्या नशिबी आम्ही आलो. सर कधी भांडले नाहीत. ते नुसतं बोलायचे. माकडटोपी घालून व्हरांड्यात यायचे आणि अगदी आदराने विचारायचे, "काय वानखेडे, आपलं विमान आज उडणार आहे, की नुसतंच तापणार?" एका संध्याकाळी बोनेटवरची गोधडी बघून म्हणाले, "छान. आता एक तीट लावा, म्हणजे दृष्ट लागायला नको." गल्ली हसायची. बाबाही हसायचे आणि "हो जी, हो जी" म्हणायचे. मी आत उशीत तोंड खुपसून बसायचे. कान इतके तापायचे की उशी गरम लागायची.

सर वाईट होते असं म्हणण्याची सोय नाही, हीच तर अडचण आहे. त्यांच्या बायकोला, काकूंना, थंडीत दम्याचा त्रास व्हायचा. आमचा धूर उताराने सरळ त्यांच्या खिडकीत जायचा. इंजिन सुरू झालं की थोड्या वेळाने त्यांचा खोकला सुरू व्हायचा, कोरडा आणि लांबलचक. इंजिनाच्या धडधडीतही आम्हाला तो ऐकू यायचा. टोमणा असता तर परतवता तरी आला असता. खोकल्याला काय उत्तर देणार?

मी शाळेत असताना एका हिवाळ्यात तो खोकला फार वाढला. एकदा जेवताना बाबा आईला म्हणाले, "त्या बाईचा खोकला ऐकून माह्या हातानं सेल्फ मारवत नाही वं."

"मंग काय करता? गाडी घरी ठेवता?"

"उतार हाय ना. तशीच खाली सोडतो. कालव्यापाशी नेऊन सुरू करतो, तिथं कोणाचं घर नाही."

"अन् बिरेक?"

"हँडबिरेक हाय. हळूहळू नेतो."

नको म्हणायला हवं होतं हे आईला कळत होतं, तिच्या जेवता जेवता थांबलेल्या हातावरून ते मलाही कळलं होतं. पण तिलाही गल्लीला तोंड दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून बाबा इंजिन सुरू न करताच गाडी उतारावर सोडायला लागले. आई पुढे चालत जायची, रस्ता मोकळा आहे ना बघत. मागून तो एवढा मोठा ट्रक, मुका. फक्त टायरखाली खडी चुरडल्याचा आवाज. इतकी सुंदर शांतता मी त्या गल्लीत कधी ऐकली नव्हती. वाटलं, आता आपण इतरांसारखे झालो.

सरांच्याही ते लक्षात आलं. एकदा बाबा संध्याकाळी परत येत असताना त्यांनी फाटकातून विचारलं, "काय हो, हल्ली विमान चोरपावलांनी जातं वाटतं?" त्यांच्या तोंडून आभार निघायचे ते असेच. बाबांना ते बरोबर पोहोचले. घरी आल्यावर त्यांनी आईला ते वाक्य दोनदा सांगितलं.

मग एका दवाने भिजलेल्या सकाळी गाडीत फरशा भरलेल्या होत्या. उतारावर हँडब्रेकने तेवढं वजन पेललं नाही. मी दारातून बघत होते. गाडीने एकदम वेग घेतला, बाबांचं "सरक वं!" ऐकू आलं आणि आई बाजूच्या ओट्यावर चढली. खाली रस्त्यावर दूधवाले, कामावर निघालेली माणसं. बाबांनी स्टिअरिंग ओढून गाडी बाजूला घातली, आणि ती जिथे थांबली ती सरांच्या कंपाउंडची भिंत होती. भिंत, फाटक, काकूंच्या शेवंतीच्या कुंड्या, सगळं बोनेटखाली. कोणाला काही लागलं नाही. पण ज्या घराची झोप मोडू नये म्हणून हा खटाटोप केला, त्याच घराच्या दारात आमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आवाज झाला.

सर धावत बाहेर आले. त्या दिवशी टोमणा नव्हता. "अहो, इंजिन सुरू न करता ट्रक सोडता? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? माणसं मेली असती!"

"चुकलं जी," बाबा म्हणाले. हात जोडलेले. "भिंत मी बांधून देतो. चुकलं."

सगळी गल्ली जमली होती. काकू दारात शाल गुंडाळून उभ्या, खोकत. आणि माझी आई, जिचा आवाज तिच्या सख्ख्या बहिणींनाही नीट ठाऊक नसेल, ती ओट्यावरून खाली उतरली आणि म्हणाली, "ह्या बाईच्याच खोकल्यापायी सोडली जी त्यांनी. धूर होऊ नाही म्हणून."

"तू चूप राय," बाबा म्हणाले.

सर तिच्याकडे बघत राहिले. मग ते वळले आणि काकूंच्या पाठीवर हात ठेवून त्यांना आत घेऊन गेले.

आईने ते बोलायला नको होतं असं मला त्या दिवशी वाटलं, आणि कितीतरी वर्षं वाटत राहिलं. कारण त्यानंतर सरांनी व्हरांड्यात येणंच सोडलं. भिंत बांधून झाली, नवं फाटक लागलं. ट्रक पुन्हा वरच्या टोकालाच सुरू होऊ लागला, कारण दुसरा मार्गच नव्हता. आता कोणी काही बोलत नव्हतं. सेल्फचा आवाज झाला की सरांच्या घरातल्या खिडक्या एकेक करून मिटायच्या, हळू, कडीचाही आवाज न करता. इतक्या काळजीने मिटायच्या की आम्हाला बोचावं. बाबा एकदा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले होते, "काही बोलले असते त बरं होतं." विमान उडणार का, असं कोणीतरी विचारावं म्हणून मी मनातल्या मनात देवाची विनवणी करायचे. आज वाटतं, त्या मिटलेल्या खिडक्यांमागे सरांनाही लाजच वाटत असणार. एका भिंतीच्या अलीकडे आम्ही शरमिंदे, पलीकडे ते, आणि मध्ये धूर. काकू बिचाऱ्या खोकतच राहिल्या.

पुढे गाडी विकली, गल्ली सुटली, मी शिकले, नोकरीला लागले. बाबा ट्रक चालवायचे हे मी कधी लपवलं नाही. उलट थोड्या तोऱ्यातच सांगते, कारण ऐकणारे कौतुकाने बघतात. सांगता येत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. रोज सकाळी आपल्यामुळे लोकांना त्रास व्हायचा, आपल्याला तो कळायचा, आणि पोट भरायचं तर तो देण्याशिवाय इलाज नव्हता, हे कोणत्या तोंडाने आणि कोणत्या तोऱ्यात सांगायचं? ती लाज अंगात मुरून राहिली आहे. मी कपाट मिटताना बोट मध्ये धरते. हसू आलं की तोंडावर हात जातो. गाडी चालवताना हॉर्न वाजवायची वेळ आली तर मला घाम फुटतो, आणि हॉर्न न वाजवता पुण्यात गाडी चालवणारी बहुधा मी एकटीच असेन. मंदार म्हणतो, "स्वतःच्या घरात चोरासारखा चहा करतेस तू."

तर यंदाचा टँकर. सोसायटीच्या ग्रुपवर आधी रागाचे चेहरे आले, मग गेल्या रविवारी क्लबहाउसमध्ये बैठक. मी कमिटीवर आहे. तळमजल्यावरच्या एका मुलीचं तान्हं बाळ त्या आवाजाने रोज उठतं, ती बोलता बोलता रडवेली झाली. तिचं काय चुकलं? दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "त्याला स्पष्ट सांगा, इंजिन आत तापवत बसायचं नाही. सुरू केलं की लगेच बाहेर. सिंपल." गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंत चांगला उतार आहे. तो टँकर जुना आहे, आमच्याच गाडीच्या पिढीतला. मला सगळं दिसत होतं. हवा, हँडब्रेक, दवाचा रस्ता. तोंड उघडायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच होतं. पण ते वाक्य बोलले असते तर मी पुन्हा आवाज करणाऱ्यांच्या घरातली झाले असते. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी हात वर करा म्हणाले तेव्हा मी हात वर केला.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय झालं मीटिंगीत?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्याकडे न बघता भाजी चिरायला घेतली.

काल पहाटे सेल्फचा आवाज झाला. मी जागीच होते. इंजिन दोनदा कण्हलं, तिसऱ्यांदा सुरू झालं, आणि लगेच गिअर पडल्याचा खटका ऐकू आला. लगेच. मी अंथरुणातून उठेपर्यंत बाल्कनीचं सरकतं दार धाडकन उघडलं, आणि जो आवाज आला तो मी जन्मात ऐकला नव्हता.

"अरे थांब! थांब रे! हवा भरू दे!"

बाबा कठड्यावरून अर्धे वाकले होते. समोरच्या इमारतीत एक दिवा लागला, मग आणखी. खाली गेटच्या तोंडाशी टँकर हँडब्रेकवर गचका खाऊन थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली आणि वर बघून ओरडला, "माहितीये हो काका! पण तुमचेच लोक थांबू देत नाहीत ना!"

तुमचेच लोक. बाबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं. त्या नजरेत राग असता तर मी तो आनंदाने घेतला असता. पण तो त्यांचा नेहमीचाच भाव होता, माफी मागणारा. या खेपेला तो खाली टँकरमध्ये बसलेल्या त्या माणसासाठी होता. माझ्या वतीने.

मग ते पुन्हा कठड्याकडे वळले. "तू थांब. कोणी बोललं त मी हाय इथं."

आणि ते उभे राहिले. बनियन, मफलर, दोन्ही हात कठड्यावर, सगळ्या सोसायटीला दिसतील असे. टँकर धडधडत राहिला, धूर वर येत राहिला. तळमजल्यावर बाळ रडायला लागलं. कोणीतरी खिडकीतून "काय चाललंय हे पहाटे पहाटे?" म्हणून ओरडलं. माझे कान तसेच तापले, उशीतल्यासारखे. तरी मी पुढे झाले आणि बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खालच्या खिडकीकडे बघून मी मोठ्याने म्हटलं, "हवा भरतीये. ब्रेकसाठी लागते. भरल्याशिवाय तो जाणार नाही." माझाच आवाज मला अनोळखी वाटला. बाळाच्या आईची खिडकी मिटली. तिच्याकडे आज जायचं आहे, रिकाम्या हाताने नाही.

बाबा मफलर सावरत हळूच म्हणाले, "माहा लय आवाज झाला काय वं?"

"हो," मी म्हटलं. "झाला."

त्यांनी मान हलवली. आम्ही दोघं तसेच वाट बघत उभे राहिलो. खालून फुस्स झालं, तेव्हा आईसारखाच श्वास माझ्या तोंडातून बाहेर पडला.